जुन्या जपानी फूलचित्रांच्या कॅनव्हास प्रतिकृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमधील एदो (१६०३–१८६८), मेइजी (१८६८–१९१२) आणि ताइशो (१९१२–१९२६) काळातील फुलांची चित्रे आज कॅनव्हासवर छापून मोठ्या प्रमाणावर विकली जातात. मूळ चित्रे बहुतेक लहान आहेत, कागदावर आहेत आणि हातात धरून पाहण्यासाठी केलेली आहेत. ती कापडावर, मोठ्या आकारात आणि भिंतीवर नेली की काही गुण टिकतात आणि काही हरवतात, आणि खरेदीदारांचे जवळजवळ सगळे प्रश्न याच बदलाशी येऊन थांबतात. म्हणून पुढील उत्तरे थोडी विस्ताराने दिली आहेत.

या नावाखाली नेमकी कोणती चित्रे येतात?

बाजारात एकाच नावाने मिळणारी ही चित्रे प्रत्यक्षात तीन निराळ्या परंपरांतून आली आहेत, आणि हाती असलेले चित्र त्यांपैकी कोणत्या परंपरेतले आहे हे कळले, तर आकार, रंग आणि चौकट यांचे निर्णय सोपे होतात.

पहिली परंपरा औषधी वनस्पतींच्या अभ्यासाची आहे. चिनी औषधी ग्रंथांच्या आधारे जपानमध्ये ‘होन्झो’ ही विद्या वाढली. इवासाकी कान-एन (१७८६–१८४२) यांचा ‘होन्झो झुफु’ हा सुमारे २,००० वनस्पतींचा सचित्र ग्रंथ तिचे मोठे फळ आहे आणि त्याचे प्रकाशन १८३० मध्ये सुरू झाले. पुढे इइनुमा योकुसाई यांनी १८५६ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसची वर्गीकरणपद्धती स्वीकारली. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर १८२३ ते १८२९ या काळात राहिलेल्या जर्मन वैद्य सिबोल्ड यांच्यासाठी कावाहारा केइगा यांनी काढलेली वनस्पतिचित्रेही याच धारेत बसतात.

दुसरी परंपरा ‘काचो-ए’ची, म्हणजे फुले आणि पक्षी यांच्या ठसाचित्रांची (कोरलेल्या लाकडी ठशांनी कागदावर छापलेल्या चित्रांची). कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) यांनी १८३३–३४ च्या सुमारास मोठ्या फुलांची दहा आडवी चित्रे केली. त्यांत पिओनीसोबत फुलपाखरू, शेवंतीसोबत गोमाशी आणि मॉर्निंग ग्लोरीच्या वेलावर बेडूक दिसतो, आणि खसखशीची फुले वाऱ्याने अक्षरशः वाकलेली आहेत. उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) यांनी उभ्या, अरुंद पट्ट्यांवर असंख्य फुले आणि पक्षी रंगवले. विसाव्या शतकात ही परंपरा ओहारा कोसोन (१८७७–१९४५) यांनी पुढे नेली. कोसोन, शोसोन आणि होसोन अशा तीन नावांच्या सह्या आढळल्या, तरी चित्रकार एकच आहे हे लक्षात ठेवावे.

तिसरी परंपरा मेइजी आणि ताइशो काळातील चित्रसंग्रहांची आहे. हासेगावा केइका यांचा शंभर शेवंतींचा संच, कामिसाका सेक्का (१८६६–१९४२) यांची १९०९–१० मधील सपाट रंगांची चित्रे आणि तानिगामी कोनान (१८७९–१९२८) यांचा १९१७ च्या सुमारास निघालेला पाश्चात्त्य फुलांचा संग्रह ही तिची ठळक उदाहरणे आहेत. ट्यूलिप, पॉपी आणि डेलियाची जी जपानी चित्रे आज कॅनव्हासवर सर्वत्र दिसतात, त्यांतील बरीच कोनान यांची असतात. ओगावा काझुमासा (१८६०–१९२९) यांची कोलोटाइप या जिलेटिनच्या थरावरून छापण्याच्या जुन्या पद्धतीने छापून रंगवलेली फुलांची छायाचित्रे या सर्वांहून वेगळी आहेत, पण बाजारात तीही याच गटात ठेवली जातात.

या सर्व चित्रांना वनस्पतिशास्त्रीय चित्रे म्हणता येईल का?

काटेकोरपणे पाहिले तर केवळ पहिल्या परंपरेला तसे म्हणता येईल. युरोपीय पद्धतीच्या वनस्पतिचित्रात कोऱ्या कागदावर एकच फांदी आणि शेजारी फुलाचे कापलेले भाग, बी व फळ दाखवलेले असते. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानात १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून करून घेतलेली आणि आता एडिनबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये असलेली चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही शिस्त परिचित असेल. होकुसाई किंवा कोसोन यांचा हेतू निराळा होता. त्यांना जात ओळखू येईल इतके अचूक फूल हवे होते, परंतु त्याच्याबरोबर ऋतू, वारा आणि एखादा जीवही हवा होता. म्हणून त्यांच्या चित्रात फुलाइतकीच रिकामी जागाही महत्त्वाची ठरते, आणि प्रतिकृती करताना याच जागेवर सर्वांत आधी कात्री चालते, हे फार वाईट आहे.

मूळ चित्र कागदावर असताना कॅनव्हासवर का छापावे?

कॅनव्हासला काच लागत नाही, त्यामुळे प्रकाशाची तिरीप चित्रावर चमकत नाही. तो वजनाला हलका असतो आणि मोठ्या भिंतीवर कागदापेक्षा कमी खर्चात उभा राहतो. त्याच्या बदल्यात कागदाचे सगळे गुण सोडावे लागतात. कोझो, म्हणजे कागदी तुतीच्या सालीपासून केलेल्या जपानी कागदाचे लांब तंतू, ठसा उमटवताना ‘बारेन’ या गोल चकतीने दाबल्याच्या खुणा आणि शाईविना दाबून उठवलेल्या पांढऱ्या पाकळ्यांचा उठाव यांतले काहीही कॅनव्हासवर येत नाही. मूळ छापाच्या जवळ जायचे असेल, तर जपानी किंवा सुती कागदावरची, मूळ आकाराची प्रत घेऊन ती काचेत बसवावी, हेच मी सुचवेन. मोठी भिंत आणि दुरून दिसणारे चित्र हवे असेल, तेव्हा कॅनव्हास योग्य आहे.

मूळ चित्रे किती मोठी असतात आणि ती किती वाढवता येतात?

‘ओबान’ हा सर्वाधिक वापरला जाणारा आकार सुमारे ३८ × २६ सेंटिमीटर असतो. हिरोशिगे यांच्या अरुंद पट्ट्या सुमारे ३८ × १७ सेंटिमीटरच्या असतात. ओबान चित्र २४ × ३६ इंचांच्या कॅनव्हासवर छापले म्हणजे ते सुमारे अडीचपट वाढते, आणि प्रमाण जवळपास तेच राहत असल्यामुळे फारसे कापावे लागत नाही. अरुंद पट्टीचे चित्र मात्र या प्रमाणात बसत नाही. एक तर त्याच्या वरखालचा भाग जातो किंवा चित्र आडवे ताणले जाते. अशा चित्रासाठी लांबट कॅनव्हासच बनवून घ्यावा.

दर इंचाला १५० पिक्सेल हा हिशेब धरला, तर २४ × ३६ इंचांसाठी ३,६०० × ५,४०० पिक्सेलची फाइल लागते. यापेक्षा लहान फाइल सॉफ्टवेअरने फुगवता येते, परंतु ठशाची बारीक काळी रेघ त्यात मेणासारखी गुळगुळीत होते आणि कोरणाऱ्या कारागिराच्या हाताचा कणखरपणा त्या रेघेतून नाहीसा होतो. फाइल लहान असेल तर कॅनव्हासही लहान घ्यावा.

एकाच चित्राच्या दोन प्रतिकृतींचे रंग इतके वेगळे का असतात? मूळ रंग कोणते मानावेत?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर रंगद्रव्यांत आहे. एदो काळात छपाईसाठी वनस्पतींपासून काढलेले अनेक रंग वापरले जात. ‘बेनी’ हा गुलाबी-लाल रंग करडईच्या पाकळ्यांपासून काढत. म्हणजे आपल्याकडे सोलापूर, मराठवाड्यात ज्या पिकाचे तेल गाळले जाते, त्याच वनस्पतीची फुले तिकडे चित्रांत लाली भरत होती. जुना निळा रंग ‘त्सुयुकुसा’च्या फुलांचा असे. ही वनस्पती पावसाळ्यात आपल्या बांधावर उगवणाऱ्या केनाच्या कुळातली आहे. पिवळ्या रंगासाठी हळद आणि हरताळ वापरत. यांपैकी बेनी आणि त्सुयुकुसा प्रकाशात झपाट्याने उडतात, आणि त्सुयुकुसाला तर पाण्याचा थेंबही सोसत नाही. १८३० च्या सुमारास प्रशियन निळा सर्रास वापरात आला. तो टिकाऊ असल्यामुळे होकुसाई यांच्या फूलचित्रांत निळा आजही खोल दिसतो, पण त्याच कागदावरचा गुलाबी कधी कधी फिका पडून कागदात मिसळलेला असतो.

याशिवाय एका ठशाच्या शेकडो प्रती निघत आणि प्रत्येक छपाईच्या वेळी रंगांची छटा थोडी बदलत असे. ‘बोकाशी’ ही रंग हळूहळू विरत नेण्याची पद्धत तर पूर्णपणे छापणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. एखादी प्रत अंधाऱ्या कपाटात राहिली, दुसरी उजेडात टांगली गेली आणि दोन्ही निराळ्या संग्रहालयांनी निराळ्या प्रकाशात छायाचित्रित केल्या. म्हणून या चित्रांचा एकच ‘मूळ रंग’ सांगता येत नाही. ज्या विशिष्ट प्रतीचे छायाचित्र वापरले आहे तिच्याशी प्रामाणिक राहणे, एवढेच प्रतिकृती करणाऱ्याला शक्य आहे. जो विक्रेता संग्रहालयाचे नाव आणि प्रतीची नोंद सांगू शकतो, त्याच्या रंगांवर विश्वास ठेवता येतो.

फिक्या झालेल्या रंगांना उठाव देण्यासाठी भडकपणा वाढवण्याची प्रथा मला अजिबात मान्य नाही. उडालेला बेनी संगणकावर परत आणता येत नाही. सगळेच रंग सारख्या प्रमाणात ताणले की टिकून राहिलेला निळा अनावर होतो आणि फिका गुलाबी मात्र तसाच राहतो.

जुन्या कागदाचा पिवळेपणा काढून पार्श्वभूमी पांढरी करून द्यावी का?

नाही. पांढरी लिली, पांढरी शेवंती आणि कमळाच्या पाकळ्या यांचा पांढरा रंग पुष्कळदा शिंपल्यांच्या चुऱ्यापासून केलेल्या ‘गोफुन’चा असतो किंवा न रंगवलेल्या कागदाचाच असतो, आणि भोवतालच्या उबदार छटेमुळे तो उठून दिसतो. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र केली की फूल तिच्यात विरघळते. डाग, घडी किंवा किडीचे छिद्र दुरुस्त करायला हरकत नाही, पण कागदाची छटा राहू द्यावी.

कोणती चित्रे कॅनव्हासवर चांगली उतरतात आणि कोणती टाळावीत?

सेक्का यांची सपाट रंगांची मोठी रूपे कॅनव्हासवर उत्तम दिसतात, कारण त्यांत बारीक रेघ फारशी नसते आणि आकारांचा तोल दुरूनही टिकतो. कोनान यांची ट्यूलिप आणि पॉपी यांची चित्रेही मोठ्या आकारात डौल सोडत नाहीत. ओगावा यांची कमळे व लिली मला सर्वांत योग्य वाटतात. कोलोटाइपमध्ये आजच्या ऑफसेट छपाईसारखे ठिपक्यांचे जाळे नसल्यामुळे छटा सलग असतात, आणि चित्र वाढवल्यावर त्या मऊपणे पसरतात.

कोसोन यांच्या चित्रांबाबत निवड जपून करावी. पावसातली किंवा बर्फातली त्यांची फांदी कॅनव्हासवर शोभते, परंतु रात्रीच्या काळ्या आकाशाची चित्रे मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या कॅनव्हासवर राखाडी पडतात, कारण मॅट पृष्ठभागावर काळ्या शाईची खोली कमी होते. तेथे सॅटिन, म्हणजे किंचित चमक असलेले व्हार्निश मागून घ्यावे. होकुसाई यांची पानांच्या शिरांपर्यंत गेलेली रेघ जाड विणीच्या कॅनव्हासवर तुटक दिसते, म्हणून त्यांच्यासाठी बारीक विणीचा कॅनव्हास आवश्यक आहे. ‘होन्झो झुफु’ची पाने मात्र कॅनव्हासवर छापू नयेत, असेच मी म्हणेन. त्यांतील हाताने लिहिलेली नावे आणि नाजूक रंग जवळून वाचण्यासाठी आहेत, आणि लहान आकारात, कागदावर, चार-सहा पाने एकत्र लावली तर ती फार सुंदर दिसतात.

सोनेरी वर्खाच्या पडद्यांचा प्रश्न वेगळा आहे. ओगाता कोरिन यांचे आयरिसच्या फुलांचे दोन पडदे, जे टोकियोच्या नेझू संग्रहालयात आहेत आणि राष्ट्रीय ठेवा मानले जातात, मुळातच सुमारे दीड मीटर उंच आहेत, त्यामुळे आकाराची अडचण येत नाही. परंतु शाईने सोने छापता येत नाही. वर्ख प्रकाशानुसार बदलतो, तर छापलेले सोने कायम मोहरीच्या रंगाचे राहते. ही उणीव मान्य असेल तरच असे चित्र घ्यावे.

चौकटीवर ताणताना चित्राच्या कडा का कापल्या जातात?

कॅनव्हास दीड इंच जाडीच्या लाकडी चौकटीवर गुंडाळला की चारही बाजूंचा तेवढा भाग बाजूच्या कडेवर जातो. ठसाचित्रांत चित्रकाराची सही, लाल शिक्का आणि प्रकाशकाची खूण नेमकी कडेलगत असते, त्यामुळे ती कोपऱ्यावरून वळते किंवा दिसेनाशी होते. १६ × २४ इंचांचे चित्र पूर्ण दिसायला हवे असेल तर छपाई किमान १९ × २७ इंचांवर करावी, आणि जास्तीच्या भागावर कागदाच्या छटेशी जुळणारा एकच रंग भरून घ्यावा. कडेवर चित्र आरशासारखे उलटे छापण्याची पद्धत फुलांच्या फांद्यांना शोभत नाही, कारण फांदी कडेवर पोहोचून अचानक मागे वळलेली दिसते. थोडा अधिक खर्च परवडत असेल तर तरंगती चौकट, म्हणजे कॅनव्हासभोवती थोडी फट सोडून बसवलेली बाहेरची चौकट, सर्वांत चांगली, कारण तिच्यात चित्राचा एकही भाग झाकला जात नाही.

ऑर्डर देण्यापूर्वी छपाईचा नमुना डिजिटल स्वरूपात मागवावा आणि सही व शिक्का सुटलेला नाही, याची खात्री करून घ्यावी.

‘जिक्ले’ म्हणजे काय? कॅनव्हास आणि शाई यांत काय पाहावे?

‘जिक्ले’ हे उच्च दर्जाच्या इंकजेट छपाईला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळालेले नाव आहे. ती कोणतीही निराळी प्रक्रिया नाही, आणि केवळ हे नाव लावल्याने दर्जाची हमी मिळत नाही. शाई पिगमेंटची (रंगाच्या सूक्ष्म कणांची) आहे का, हे विचारावे, कारण डाय-आधारित (विरघळलेल्या रंगाची) शाई उन्हात लवकर उडते. कॅनव्हास सुमारे ३५० ते ४०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) असावा आणि त्यात शुभ्रता वाढवणारी ऑप्टिकल ब्राइटनर रसायने नसावीत. या रसायनांचा परिणाम काही वर्षांनी ओसरतो आणि जुन्या कागदाची छटा बदलते. फ्लेक्स छापणाऱ्या यंत्रावर काढलेला कॅनव्हास स्वस्त पडतो, परंतु त्याच्या रंगछटा या नाजूक चित्रांना न्याय देत नाहीत.

अशी प्रतिकृती छापणे आणि विकणे कायदेशीर आहे का?

चित्रकार दिवंगत होऊन पुरेसा काळ लोटला असेल तर होय. भारतात कलाकृतीचा कॉपीराइट कलावंताच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. जपानमध्ये ही मुदत ५० वर्षांची होती आणि ३० डिसेंबर २०१८ पासून ती ७० वर्षांची झाली, पण त्याआधीच संपलेले हक्क त्यामुळे पुन्हा जिवंत झाले नाहीत. म्हणून होकुसाई, हिरोशिगे, केइका, कोनान, ओगावा, सेक्का आणि कोसोन यांची चित्रे दोन्ही देशांत मुक्त आहेत. १९५७ मध्ये दिवंगत झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ माकिनो तोमितारो यांची विलक्षण सूक्ष्म रेखाटनेही मुक्त झाली आहेत. याउलट कासामात्सु शिरो (निधन १९९१) किंवा योशिदा तोशी (निधन १९९५) यांची चित्रे जुन्या धाटणीची दिसत असली, तरी त्यांवर अद्याप हक्क आहेत.

चित्र मुक्त असले तरी छायाचित्राच्या अटी निराळ्या असू शकतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आणि क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयाने २०१९ मध्ये आपल्याकडील मुक्त कलाकृतींची छायाचित्रे कोणत्याही वापरासाठी खुली केली. शिकागोचे कलासंग्रहालय आणि ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम यांच्याकडूनही उत्तम फाइली मोफत मिळतात. ब्रिटिश म्युझियमची छायाचित्रे मात्र व्यावसायिक वापरासाठी तशी खुली नाहीत. घरासाठी एकच प्रत हवी असलेल्या वाचकाने या संग्रहालयांतून स्वतः फाइल उतरवून घेऊन चांगल्या छपाईवाल्याकडे द्यावी, हा माझ्या मते सर्वोत्तम मार्ग आहे.

मूळ छाप, नंतरचा छाप, पुन्हा कोरलेला छाप आणि प्रतिकृती यांत फरक काय?

चित्रकाराच्या हयातीत, प्रकाशकाच्या देखरेखीखाली निघालेली प्रत हा मूळ छाप होय. त्याच ठशांवरून पुढे काढलेली प्रत हा नंतरचा छाप, आणि चेरीच्या लाकडावर नवे ठसे कोरून काढलेली प्रत हा पुन्हा कोरलेला छाप. टोकियोची अदाची संस्था आजही जुन्या पद्धतीने ठसे कोरते, आणि क्योतोच्या उनसोदो या प्रकाशनसंस्थेत आजही ठशांची छपाई चालते. हे तिन्ही प्रकार हाताने, कागदावर छापलेले असतात. कॅनव्हासवरची प्रत यांपैकी कशातही बसत नाही. ‘ओरिजिनल जपानी वुडब्लॉक ऑन कॅनव्हास’ असे लिहून कोणी विकत असेल, तर ते विधान चुकीचे आहे.

संगणकाने नव्याने बनवलेली चित्रेही ‘जुनी जपानी’ म्हणून विकली जातात. ती कशी ओळखावीत?

चित्रकाराचे नाव, वर्ष आणि संग्रहालय विचारावे. यांतले काहीच सांगता आले नाही, तर चित्र नवे आहे असे समजावे. अशा चित्रांतील अक्षरे जपानी वाटतात, पण वाचता येत नाहीत. वनस्पतीही गोंधळलेली असते: पिओनीच्या फुलाला शेवंतीची पाने, किंवा एकाच फांदीवर वसंत आणि शरद या दोन्ही ऋतूंची फुले. ज्या परंपरेत ऋतू कधी चुकत नाही, तिच्या नावावर अशी चित्रे खपवली जातात याचे मला मनापासून वाईट वाटते.

भेट देताना फुलाचा अर्थ पाहावा का?

जपानी व्यक्तीला भेट द्यायची असेल तर अवश्य पाहावा. पांढरी शेवंती तेथे अंत्यविधीशी जोडलेली आहे, आणि लाल ‘हिगानबाना’ (स्पायडर लिली) स्मशानाशी. पिओनी, प्लम आणि आयरिस नि:शंकपणे द्यावेत. १६ पाकळ्यांची शेवंती जपानच्या सम्राटाचे चिन्ह असल्यामुळे रंगीत शेवंतीला मोठा मान आहे. गौरी-दसऱ्याला शेवंती आणणाऱ्या मराठी घरात मात्र पांढऱ्या शेवंतीचे चित्रही आनंदाने लावता येईल.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात कॅनव्हास टिकेल का?

काळजी घेतली तर टिकतो. सुती कॅनव्हास दमट हवेत सैल पडतो आणि कोरड्या हवेत ताणतो, म्हणून किनारपट्टीवर पॉलिएस्टर-कॉटन मिश्रणाचा कॅनव्हास घेणे चांगले. चौकटीचे लाकूड वाळवून मुरवलेले असावे, आणि तिच्या कोपऱ्यांत खुंट्या असाव्यात, म्हणजे सैल पडलेला कॅनव्हास त्या ठोकून पुन्हा ताणता येतो. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना रबरी किंवा फेल्टची बटणे लावून भिंतीपासून थोडे अंतर ठेवावे, कारण बुरशी बहुतेक वेळा हवा न खेळणाऱ्या मागच्या बाजूनेच धरते. मागची बाजू प्लास्टिकने बंद करू नये, आणि पावसाचा मारा झेलणाऱ्या, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये.

चित्र कोठे लावावे आणि स्वच्छ कसे करावे?

संग्रहालये मूळ छाप सुमारे ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात, तेही काही महिनेच मांडतात. प्रतिकृतीला इतके जपावे लागत नाही, परंतु खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी. स्वयंपाकघराच्या दाराजवळ फोडणीचा तेलकट धूर विणीत बसतो आणि तो निघत नाही. आठवड्या-पंधरवड्याने मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झटकावी. व्हार्निश केलेल्या कॅनव्हासवर घट्ट पिळलेले ओलसर सुती कापड हलकेच फिरवता येते, मात्र व्हार्निश नसेल तर पाणी अजिबात लावू नये. काच पुसण्याचे द्रव, स्पिरिट किंवा साबण दोन्ही प्रकारच्या कॅनव्हासला वापरू नये. घर बदलताना कॅनव्हास चौकटीवरून काढावाच लागला, तर छापलेली बाजू बाहेर ठेवून तो रुंद नळीवर सैल गुंडाळावा, कारण छाप आत ठेवून गुंडाळल्यास व्हार्निशला सुरकुत्या पडतात.